मेलेल्या जंतूंचं पाणी

डायलिसिसच्या वॉर्डात थंडी वाजणं नवं नाही. एसी चालू असतो, रक्त शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरून येत असतं आणि चार तास सुई लावलेला हात न हलवता पडून राहायचं असतं. जुने पेशंट म्हणूनच घरून शाल घेऊन येतात. पण मशीन लावून तासभर झाल्यावर एखाद्याचे दात वाजायला लागले, कुडकुडण्यानं पलंग हलू लागला, की अनुभवी सिस्टर शालीकडे बघत नाही, थर्मामीटर काढते. येताना ताप नव्हता, आता चढतोय. बीपी उतरतंय, मळमळतंय. वॉर्डाच्या बोलीत याला 'रायगर आला' म्हणतात. एकालाच आला तर डॉक्टर त्याचा फिस्टुला तपासतात, मानेतला कॅथेटर तपासतात, रक्त कल्चरला पाठवतात. जंतू त्याच्याच अंगात शिरलेले असू शकतात. एकाच पाळीत तिघा-चौघांना आला, तर जाणता डॉक्टर पलंगांमधून बाहेर पडून थेट आरओच्या खोलीकडे जातो.

त्या चौघांची वयं वेगळी, आजार वेगळे, औषधं वेगळी. सामाईक असतं ते पाणी.

हे पाणी किती लागतं याचा अंदाज नातेवाइकांना सहसा नसतो, कारण ते दिसत नाही. दिसतात त्या रक्ताच्या लाल नळ्या आणि मशीनला टांगलेला हातभर लांबीचा डायलायझर. त्या डायलायझरमध्ये केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून क्षार मिसळलेलं पाणी. युरिया, पोटॅशियम, क्रिएटिनिन नळीच्या भिंतीतून रक्तातून पाण्यात उतरतात आणि ते पाणी गटारात जातं. बाहेरून वाहणाऱ्या या द्रवाचा वेग बहुतेक ठिकाणी मिनिटाला ५०० मिलिलिटर असतो. चार तासांचे झाले १२० लिटर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर ३६० लिटर. धडधाकट माणूस आठवडाभरात चौदा-पंधरा लिटर पाणी पितो. म्हणजे आपल्या पोटात जवळपास सहा महिन्यांत जेवढं पाणी जातं, तेवढं या माणसाच्या रक्ताशेजारून एका आठवड्यात वाहून जातं.

आणि आपल्या पोटाला पहारेकरी बरेच. जठराचं आम्ल, आतड्याचं अस्तर, त्यामागे यकृत. पिण्याच्या पाण्याची सगळी मानकं हे पहारेकरी जागेवर आहेत असं धरूनच ठरवलेली असतात. नगरपालिकेचं पाणी 'शुद्ध' असतं ते आतड्यासाठी. डायलिसिसच्या पेशंटच्या बाबतीत आतडं या वाटेवर येतच नाही. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये उरतो तो एक पातळ प्लास्टिकचा पडदा.

आता जंतूंकडे येऊ. पाणी गाळून, उकळून प्यावं हा धडा आपण शाळेपासून गिरवला आहे. त्यामागचं गृहीतक असं की जंतू मेला म्हणजे विषय संपला. कॉलरा, टायफॉइडच्या बाबतीत ते खरंही आहे, कारण तिथे जंतूनं आतड्यात जाऊन जिवंत राहणं, वाढणं ही आजाराची अट असते. डायलिसिसच्या पाण्याला हा धडा लागू पडत नाही. इथे मेलेला जंतूही तितकाच त्रासदायक असतो, कधी कधी जिवंतापेक्षा जास्त.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते बर्लिनमध्ये. रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करणारे रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवर प्रयोग करत होते. उष्णतेनं पूर्ण मारलेले जंतू गिनीपिगना टोचले तरी ते प्राणी कोसळतात आणि मरतात, हे त्यांना १८९२ च्या सुमारास दिसलं. जिवंत जंतू बाहेर सोडतो ते विष हे नव्हतं. जंतूच्या अंगाचाच तो भाग होता, म्हणून त्याला एंडोटॉक्सिन हे नाव मिळालं: आतलं विष. ते नेमकं कुठे असतं हे पुढे कळलं. ग्रॅम-निगेटिव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जंतूंच्या सर्वांत बाहेरच्या आवरणात मेद आणि साखर यांचा एक जोडरेणू असतो, लिपोपॉलिसॅकराइड. पाण्यात मजेत राहणारे बहुतेक जंतू याच जातकुळीतले. जंतू जिवंत असताना हे आवरण थोडंथोडं गळतं आणि तो फुटला की एकदम मोकळं होतं.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या रेणूला फार भितात. त्यांच्या पृष्ठभागावर तो ओळखणारा खास ग्राहक असतो. तो शोधून काढण्याच्या कामासाठी ब्रूस बॉयटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रेणू भेटला की पेशी धोक्याचे निरोप धाडतात, ते मेंदूतल्या तापमान-केंद्रापर्यंत पोचतात आणि माणूस थडथडायला लागतो. समोर जंतू आहे की नुसती त्याची साल, हे तपासण्याची सोय या यंत्रणेत नाही. शत्रूचा गणवेश दोरीवर वाळत घातलेला दिसला तरी तोफा डागणारं हे सैन्य आहे. एरवी ते शहाणपणाचंच, कारण निसर्गात गणवेशाच्या आत बहुधा शत्रू असतोच.

इंजेक्शनं आणि सलाइनचा जमाना सुरू झाला तेव्हा डॉक्टरांना हे कोडं रोज पडायचं. निर्जंतुक केलेलं, ऊर्ध्वपातित पाणी वापरूनही शिरेतून औषध दिल्यावर पेशंटला हुडहुडी भरून ताप यायचा. कुणी मिठाला दोष दिला, कुणी औषधालाच. १९२० च्या दशकात येल विद्यापीठात फ्लॉरेन्स सायबर्ट या तरुण संशोधिकेनं याचा छडा लावला. लहानपणी पोलिओ झाल्यानं त्या लंगडत चालत. पुढे क्षयाच्या चाचणीसाठी लागणारं शुद्ध ट्युबरक्युलिनही त्यांनीच तयार केलं, पण हे काम त्याआधीचं. पाणी उकळताना वाफेबरोबर बारीक तुषार उडतात आणि त्यांतून जंतूंचे अवशेष पलीकडच्या भांड्यात जातात, हे त्यांनी दाखवलं. नंतरच्या निर्जंतुकीकरणात जंतू मरत होते, विष तसंच राहत होतं. त्यांनी तुषार अडवणारं पात्र बनवलं आणि ताप थांबला. माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासात या पात्राची जितकी आठवण काढायला हवी तितकी काढली जात नाही.

एंडोटॉक्सिनचा चिवटपणा बघा. ऑपरेशनची हत्यारं ज्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक होतात, तिथून ते सहीसलामत बाहेर येतं. ते खात्रीनं नष्ट करायचं तर कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास ठेवावं लागतं. काचेच्या बाटल्यांना ते जमतं. पाण्याला कसं जमणार? पाण्यातून ते गाळून काढणं आणि मुळात तयार होऊ न देणं, एवढेच मार्ग उरतात.

म्हणून आरओची खोली. बाहेरून बघितलं तर निळ्या टाक्या आणि स्टीलचे खांब, घरघरणारे पंप. पाणी आधी वाळूच्या गाळणीतून जातं, मग कडकपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमधून, मग सक्रिय कोळशातून आणि शेवटी आरओच्या पडद्यातून. तिथून निघालेलं पाणी एका गोल फिरणाऱ्या पाइपलाइनमधून, म्हणजे लूपमधून, एकेका मशीनपाशी जातं आणि उरलेलं परत येतं.

या प्रवासातली गोची कोळशात आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो आणि तोच आजवर जंतूंना दाबून ठेवत आलेला असतो. पण क्लोरिन, त्यातही क्लोरामाइन, रक्तात गेला तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कोळसा तो काढून टाकतो. काढावाच लागतो. त्या क्षणापासून पुढच्या पाण्याला वाली नाही. कोळशाच्या खाचाखोचांत जंतूंना राहायला जागा आणि खायला अन्न मिळतं. थोडक्यात, पाणी स्वच्छ करणारी टाकी हीच जंतूंची वाडी बनते. आरओचा पडदा जंतू आणि एंडोटॉक्सिन दोन्ही अडवतो, तो धड असेल तर. पण पडद्यापलीकडे पुन्हा पाइप आहेत, सांधे आहेत, कुठे कुठे साठवणीची टाकी आहे.

माठ चार दिवस न घासता वापरला तर तळाला हात लावल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो, तोच इथल्या पाइपच्या आतल्या भिंतीवर धरतो. बायोफिल्म म्हणतात ती हीच. जंतू स्वतःभोवती चिकट गोंद पसरून वसाहत करतात. वरून जंतुनाशक गेलं तर वरचा थर मरतो आणि खालचा सुरक्षित राहतो. पाणी जिथे थांबतं तिथे ही बुळबुळ जोमानं वाढते: मशीन काढून नेल्यावर तसाच राहिलेला पाइपचा तुकडा, सपाट तळाची टाकी, रविवारी बंद असलेलं युनिट. पाण्यानं सतत वाहत राहायला हवं, म्हणून चांगल्या ठिकाणी रात्रीही लूप फिरता ठेवतात.

काही ठिकाणी लूपवर अतिनील किरणांचा दिवा बसवलेला असतो. दिवा जंतूंना मारतो यात शंका नाही. पण त्याच्या पुढे एंडोटॉक्सिन अडवणारी गाळणी नसेल तर तो मारलेले सगळे गणवेश पाण्यात सोडून देतो. जंतूंची मोजणी खाली येते, एंडोटॉक्सिन वर जातं आणि कागदावर पाणी आधीपेक्षा स्वच्छ दिसतं.

मशीनपाशी पोचल्यावर आणखी एक चोरवाट आहे. डायलिसिसचा द्रव दोन कॅनमधून बनतो, वॉर्डात त्यांना पार्ट ए आणि पार्ट बी म्हणतात. पार्ट ए आम्लधर्मी. त्यात जंतू टिकत नाहीत. पार्ट बी म्हणजे बायकार्बोनेट, खाण्याच्या सोड्याचं द्रावण, आणि ते जंतूंना मानवतं. पूर्वी बायकार्बोनेटऐवजी अ‍ॅसिटेट वापरत. १९८० च्या दशकात बायकार्बोनेट आलं आणि पेशंटना डायलिसिस सुसह्य झालं, पण जंतूंनाही. म्हणून पार्ट बी रोजच्या रोज ताजं कालवायचं, उरलेलं ओतून द्यायचं आणि कॅन धुऊन उलटा वाळवायचा असा दंडक आहे. कालचं शिल्लक आजच्यात मिसळणं ही काटकसर फार महागात पडते. आपल्याकडे एकच डायलायझर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरतात. त्या धुण्यालाही हेच पाणी लागतं, आणि ते खराब असेल तर विष थेट रक्ताच्या बाजूला जाऊन बसतं.

मग किती एंडोटॉक्सिन चालतं? मोजायचं एकक आहे एंडोटॉक्सिन युनिट. एक युनिट म्हणजे ढोबळमानानं एका ग्रॅमचा दहा अब्जावा भाग. आंतरराष्ट्रीय मानकानुसार डायलिसिसच्या पाण्यात मिलिलिटरमागे पाव युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन आणि १०० पेक्षा कमी जंतू असावेत. पाव युनिट ऐकायला काहीच नाही. पण १२० लिटरला गुणून बघा: मर्यादेला टेकलेल्या पाण्यातून एका बैठकीत ३०,००० युनिट पडद्यापलीकडून वाहून जातात. वजनात ते तीन मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका कणाच्या विसाव्या हिश्श्याइतके. आता दुसरी बाजू. शिरेतून द्यायच्या औषधांसाठी मर्यादा आहे ती वजनाच्या किलोमागे तासाला पाच युनिट. साठ किलोच्या माणसाला चार तासांचे झाले १,२००. म्हणजे नियमात बसणारं पाणीसुद्धा रक्तात सरळ सोडलं तर २५ पट जास्त. पेशंट वाचतो तो पडद्यामुळे. एंडोटॉक्सिनचे रेणू एकमेकांना चिकटून मोठे गठ्ठे करतात आणि ते गठ्ठे छिद्रांतून जात नाहीत. शिवाय पडद्याचं प्लास्टिक त्यातले काही स्वतःला चिकटवून घेतं.

पण तुकडे जातात. एंडोटॉक्सिनचे तुटलेले अंश, जंतूंच्या भिंतीचे आणि डीएनएचे कपचे, हे छोटे असतात. शिवाय हाय-फ्लक्स डायलायझरची छिद्रं मोठी असतात. त्यात रक्त नळीच्या शेवटाकडे जाईपर्यंत त्याचा दाब उतरतो आणि तिथे उलटा प्रकार होतो: बाहेरचा द्रवच आत झिरपतो. जो द्रव घाण वाहून न्यायला आणला, त्यातला काही भाग पेशंटच्या अंगात मुरतो.

पडदा आणि पाणी यांच्यातला हा खेळ शहराच्या पातळीवर कसा उलटतो याचं एक जुनं उदाहरण वॉशिंग्टनचं आहे. १९७४ च्या उन्हाळ्यात तिथे डायलिसिसच्या २३ पेशंटना थंडी-ताप येऊ लागला. अंगदुखी, मळमळ, बीपी उतरणं, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. शोध घेतल्यावर धागा मशीनच्या बाहेर, दवाखान्याच्याही बाहेर गेला: शहराला पाणी पुरवणाऱ्या पोटोमॅक नदीत शेवाळ माजलं होतं आणि नळाच्या पाण्यातलंच एंडोटॉक्सिन वाढलं होतं. तेच पाणी पिणाऱ्या बाकी शहराला पत्ताही लागला नाही.

त्यानंतर बावीस वर्षांनी ब्राझीलमध्ये जे घडलं ते तापावर थांबलं नाही.

कारुआरू हे पेर्नाम्बुको राज्यातलं, किनाऱ्यावरच्या रेसिफेपासून सुमारे १३० किलोमीटर आतलं शहर. हा ब्राझीलचा अवर्षणप्रवण ईशान्य भाग. दुष्काळ, तळाला गेलेला जलाशय, टँकर हे शब्द मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून द्यायला नकोत; २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हाही तिथली हॉस्पिटलं चालूच होती. कारुआरूच्या एका डायलिसिस केंद्राला जलाशयाचं अर्धवट प्रक्रिया केलेलं पाणी टँकरनं येत होतं. १९९६ च्या फेब्रुवारीत तिथल्या १३१ पेशंटपैकी ११६ जणांना डायलिसिस चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, मळमळ आणि उलट्या असा त्रास झाला. त्यांतल्या १०० जणांचं यकृत निकामी होत गेलं. वर्ष संपेपर्यंत झालेल्या मृत्यूंपैकी ५२ थेट या विषबाधेमुळे झाल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच शहरातल्या दुसऱ्या केंद्रातल्या ४७ पेशंटपैकी एकालाही काही झालं नाही. पाणी त्याच जलाशयाचं, पण ते पूर्ण प्रक्रिया होऊन, गाळून, क्लोरिन घालून आलेलं.

विष होतं मायक्रोसिस्टिन. ते तयार करतात त्यांना आपण नील-हरित शेवाळ म्हणतो, पण नावावर जाऊ नका. हे शेवाळ नाही, सूर्यप्रकाशावर जगणारे जंतूच आहेत, सायनोबॅक्टेरिया. उथळ, कोमट, सांडपाण्यानं आणि खतांनी पोसलेल्या पाण्यावर हिरवी साय धरते ती यांची. उजनीचं हिरवं पाणी दर काही वर्षांनी बातम्यांत येतं तेव्हा ही मंडळी आठवावीत. मायक्रोसिस्टिन सात अमिनो आम्लांचं एक वर्तुळ आहे, उकळण्याला दाद न देणारं. आणि गंमत, खरं तर गंमत नव्हेच, अशी की एंडोटॉक्सिनसारखं हेही जंतूच्या अंगातच असतं. जंतू अखंड असेल तर तुरटीनं गोळा करून, गाळून तो विषासकट बाहेर काढता येतो. तो मेला, फुटला की विष पाण्यात विरघळतं आणि मग वाळूची गाळणी त्याला हातही लावू शकत नाही. हिरव्या साईवर मोरचूद किंवा भरपूर क्लोरिन टाकून ती 'मारणं' म्हणूनच धोक्याचं ठरू शकतं.

कारुआरूच्या केंद्रात वाळू होती, कोळसा होता, क्षार काढणारी राळ होती, बारीक गाळणीही होती. या विषाला त्यांपैकी कुणी पुरेसं अडवलं नाही. नंतर त्या वाळूत, कोळशात, राळेत आणि मेलेल्या पेशंटच्या यकृतातही मायक्रोसिस्टिन सापडलं. डायलिसिसच्या पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला साधारण १९.५ मायक्रोग्रॅम असावं असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं पुढे सुचवलेली मर्यादा एक मायक्रोग्रॅम आहे. एंडोटॉक्सिनच्या गठ्ठ्यांना पडदा निदान थोपवतो. मायक्रोसिस्टिनचा रेणू त्यामानानं चिमुकला, तो पडद्यातून सरळ रक्तात उतरतो. तिथून यकृताच्या पेशी पित्ताम्लं समजून त्याला स्वतःच आत ओढून घेतात. आत गेल्यावर तो पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या यंत्रणेची किल्ली अडकवतो, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि यकृताची वीण उसवते.

ब्राझीलनं यातून नियम केले. डायलिसिसच्या पाण्याचे नियम त्याच वर्षी आले. २००० साली पिण्याच्या पाण्याच्या नियमांत सायनोबॅक्टेरियांवर लक्ष ठेवणं बंधनकारक झालं. तरी २००१ मध्ये रिओ दि जानेरोच्या एका हॉस्पिटलात ४४ डायलिसिस पेशंटपर्यंत मायक्रोसिस्टिन पोचलंच. या वेळी पाण्यातलं प्रमाण पिण्याच्या मर्यादेच्या आत होतं. तेच पाणी ग्लासात ओतलं असतं तर नियमानं निर्दोष ठरलं असतं. पेशंटच्या रक्तात मात्र ते विष पुढचे आठवडे मोजता आलं.

मोजण्याची पद्धत हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. पाण्यातले जंतू मोजायला ते पोषक जेलीवर वाढवून ठिपके मोजतात. प्रयोगशाळेला सवय असते माणसाच्या अंगातल्या जंतूंची; त्यांना रक्त घातलेली सकस जेली आणि ३७ अंशांची ऊब लागते, एक-दोन दिवसांत ते उगवतात. आरओच्या पाण्यातले जंतू जन्मभर उपाशी राहिलेले असतात. पक्वान्नाचं ताट वाढलं तर त्यांना ते पचत नाही. त्यांना आर-टू-ए नावाची पातळ, गरिबाची जेली द्यावी लागते, १७ ते २३ अंशांत ठेवावं लागतं आणि सात दिवस थांबावं लागतं. हॉस्पिटलच्या नेहमीच्या पद्धतीनं तपासलेल्या पाण्याचा 'वाढ नाही' हा अहवाल म्हणून फार विश्वासाचा नसतो. आणि कशीही केली तरी ही मोजणी जिवंतांची. मेलेल्यांची मोजदाद त्यात येत नाही.

मेलेल्यांना मोजायला पूर्वी ससे वापरत. सशाला द्रव टोचायचा आणि त्याचा ताप बघायचा. मग एक समुद्री प्राणी मदतीला आला, घोड्याच्या नालाच्या आकाराचं कवच असलेला हॉर्सशू क्रॅब. नावात खेकडा असला तरी तो कोळ्याच्या जवळचा नातलग. त्याचं रक्त निळं असतं आणि एंडोटॉक्सिनचा लवलेश लागला की ते गोठतं. अमेरिकेत फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये या गोठण्याची नोंद केली, पुढे जॅक लेव्हिन यांच्याबरोबर त्यातून चाचणी उभी केली आणि १९७७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. ओडिशाच्या किनाऱ्यावर याचे दोन भाऊबंद राहतात. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी त्या निळ्या रक्तातलं मुख्य प्रथिन कारखान्यात बनवण्याची युक्तीही काढली आहे, त्यामुळे या बिचाऱ्याचं रक्त काढण्याची गरज हळूहळू कमी होत आहे.

नमुना कधी घेतला याला पद्धतीइतकंच महत्त्व. लूपला जंतुनाशक फिरवल्यानंतर लगेच घेतलेला नमुना जंतुनाशकाचं कौतुक सांगतो. पेशंटला काय मिळत होतं हे कळायचं असेल तर तो जंतुनाशक फिरवण्याच्या अगदी आधी आणि लूपच्या शेवटच्या टोकाशी घ्यायला हवा.

रायगर येतो तेव्हा निदान सगळ्यांना कळतं. मशीन थांबवलं की काही तासांत पेशंट सावरतो, पाणी तपासलं जातं. पण १९८३ पासून किडनीतज्ज्ञ दुसऱ्याच एका शक्यतेच्या मागे आहेत: रायगर येण्याइतकं नाही, पण दर बैठकीला चिमूटभर विष रक्तात जात राहिलं तर? पांढऱ्या पेशी थोड्याथोड्या चिडलेल्याच राहतात. रक्तात सीआरपी हा दाहाचा खुणेचा पदार्थ कायम चढा सापडतो. भूक मंदावते, स्नायू झडतात. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या मनगटात एक प्रथिन साचून बोटं बधिर होतात, त्यातही या दाहाचा हात असतो असं मानतात. यावर उतारा म्हणून 'अल्ट्राप्युअर' द्रव आला. त्यात मिलिलिटरमागे ०.०३ युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन चालतं. त्यासाठी मशीनलाच खास गाळणी जोडतात आणि ती ठरल्या मुदतीत बदलतात. जपाननं तर आपला नियम त्याहून बराच कडक केला. असा द्रव वापरल्यावर सीआरपी उतरतो आणि रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनची गरज कमी होते, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे.

पाणी बेताचं असलं की याच्या उलट होतं. हिमोग्लोबिन आठवर अडकतं. डॉक्टर इंजेक्शनचा डोस वाढवतात, लोह देतात, जेवणाची चौकशी करतात, घरचे खजूर-बीट सुरू करू का विचारतात. पेशंटला ताप नाही, थंडी नाही, मशीन वेळेवर लागतं, वेळेवर सुटतं. त्यामुळे आरओच्या खोलीकडे जायचं कुणाच्या मनातही येत नाही.